औशाच्या उन्हातलं यंत्र

लग्नसराईतली मे महिन्याची रात्र होती. साडेअकरा वाजून गेले तरी पत्र्याची खोली दिवसभर प्यायलेलं ऊन बाहेर टाकत होती. टेबलाखालच्या कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण काढून ठेवलेलं, समोर टेबल फॅन लावलेला आणि पडद्यावरची हिरवी पट्टी 64 टक्क्यांवर येऊन थांबलेली. माउस हलेना, कीबोर्डवरचा नमलॉकचा दिवा लागेना. सकाळी नवरीकडचे पाहुणे डीव्हीडी न्यायला येणार होते आणि सात तास चाललेलं रेंडरिंग जागच्या जागी गोठलं होतं. स्टुडिओ माझ्या मोठ्या चुलतभावाचा. त्यांनी कॅबिनेटवर हात ठेवला आणि एवढंच म्हणाले, ‘‘लई तापूलालंय रे हे.’’

त्या यंत्राचा वेग मीच वाढवला होता. दोन कोअरचा साधा प्रोसेसर, मूळ वेग 2.2 गिगाहर्ट्झ. बायोसमध्ये जाऊन 200 मेगाहर्ट्झची बस 250 वर नेली. गुणक 11 चा, म्हणजे वेग झाला 2.75 गिगाहर्ट्झ. एक रुपया खर्च न करता यंत्र पाव हिश्शानं जास्त पळायला लागलं. हे सगळं जानेवारीत केलेलं. थंडीत रात्रभर चाचणी घेतली, कुठे अडखळलं नाही. पुढचे चार महिने त्या यंत्रानं मुकाट्यानं काम केलं आणि ऐन सराईत मान टाकली. प्रोसेसर तोच, वेग तोच, व्होल्टेज तेवढंच. बदललं होतं ते फक्त खोलीतलं ऊन.

पुढच्या पानांत जे काही लिहिलं आहे त्याचं मूळ त्या रात्रीत आहे. घरी कॉम्प्युटर कसा जोडावा आणि त्याचा वेग कसा वाढवावा, हे शिकवणारा मजकूर आणि व्हिडिओ ढिगानं सापडतात. पण ते ज्यांनी केले त्यांच्या खोलीत बारा महिने 22 अंश असतात, भिंतीतल्या सॉकेटमधून दिवसरात्र सारखी वीज येते आणि खिडकीतून सोयाबीनच्या मळणीचा भुसा येत नाही. त्यांचं ज्ञान खरं आहे. मी त्यातूनच शिकलो. पण ते औशात आणून जसंच्या तसं लावलं की मेमध्ये फसतं. आपल्याकडे कॉम्प्युटर जोडताना आधी ऊन, धूळ आणि लाईट यांचा विचार करायचा असतो. प्रोसेसर कोणता घ्यायचा हा प्रश्न त्यानंतरचा. हे पुस्तक त्या क्रमानं लिहिलं आहे.

वेगवान यंत्र लागतं कुणाला, असं मला बरेचदा विचारतात. औसा लातूरपासून वीसेक किलोमीटरवरचं तालुक्याचं गाव. भुईकोट किल्ल्यासाठी आणि वीरनाथ-मल्लिनाथ महाराजांच्या मठासाठी लोकांना माहीत असलेलं. इथे मोठी कंपनी नाही, सॉफ्टवेअरची कचेरी नाही. पण फ्लेक्स करणारे आहेत, ज्यांना वाढदिवसाचा वीस बाय दहाचा बॅनर तासाभरात हातावेगळा करायचा असतो. पत्रिका छापणारे डीटीपीवाले आहेत. लग्नाचे व्हिडिओ मिक्सिंग करणारे आहेत. लातूरच्या शिकवण्यांची व्याख्यानं ऐकणारी आणि आता स्वतःच चॅनेल काढून शिकवणारी पोरं आहेत. आणि यांतल्या सगळ्यात जड कामाचा, म्हणजे व्हिडिओ रेंडरिंगचा, हंगाम कुठला? एप्रिल आणि मे. यंत्रावर वर्षातला सगळ्यात मोठा भार नेमका वर्षातल्या सगळ्यात तापलेल्या महिन्यात पडतो, जेव्हा वीजही बेभरवशाची असते. मुंबई-पुण्यात कॉम्प्युटरचा वेग वाढवणं हा बहुतेकांचा छंद आहे. आमच्याकडे तो सराईचा हिशोब आहे.

आता ‘असेंबल्ड’ या शब्दाबद्दल. आपल्याकडे हा शब्द थोडा कमीपणानं वापरला जातो. ब्रँडेड म्हणजे अस्सल आणि असेंबल्ड म्हणजे जुगाड, असा समज बसलेला आहे. तो खोडून काढावासा वाटतो, कारण आजचा घरगुती कॉम्प्युटर जन्मालाच आला तो असेंबल होऊन. 1981 मध्ये आयबीएमनं पीसी बाजारात आणला तेव्हा घाईपोटी बाजारात मिळणारे सुटे भाग घेऊन तो जुळवला होता. 4.77 मेगाहर्ट्झचा इंटेल 8088 प्रोसेसर त्यात होता. भाग बाहेरचे आणि रचना उघडी, म्हणून इतरांना तसंच यंत्र बनवता आलं, त्या यंत्रांची कार्डं आणि सॉकेट एकमेकांना बसू लागली, आणि पुढे कुणालाही घरच्या टेबलावर स्क्रू ड्रायव्हर घेऊन तेच करणं शक्य झालं.

आणि महाराष्ट्राचा विचार केला तर सुट्या भागांतून यंत्र उभं करण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण पुण्यातच आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेनं क्रे कंपनीचा हवा तसा सुपरकॉम्प्युटर भारताला द्यायचं नाकारलं. मग तसा इथेच बनवण्यासाठी 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिचं नेतृत्व अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावात जन्मलेल्या डॉ. विजय भटकरांकडे होतं. त्यांच्या चमूनं 1991 मध्ये परम 8000 हा सुपरकॉम्प्युटर उभा केला. त्यात कुठलाही अद्भुत प्रोसेसर नव्हता. ट्रान्सप्युटर नावाचे इनमॉस कंपनीचे बाजारात मिळणारे प्रोसेसर होते. कौशल्य होतं ते अनेक प्रोसेसर एकमेकांशी जोडून त्यांच्याकडून एकच गणित वाटून सोडवून घेण्याचं. माझ्या चुलतभावाच्या स्टुडिओतलं यंत्र आणि परम यांची तुलना करायचा वेडेपणा मी करणार नाही. पण दोन्हीकडची विद्या एका कुळातली आहे: मिळेल तो भाग नीट ओळखायचा, त्याची कुवत मोजायची आणि दुसऱ्याशी त्याचं जमवून द्यायचं.

हे भाग आणायचे कुठून, याच्या आमच्या भागाला दोन दिशा होत्या. एक पश्चिमेची. पुण्याची तापकीर गल्ली आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड, ज्याच्या पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असं नाव आहे. दुसरी हैदराबादची. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, तेव्हापासून व्यापाराची एक वाट तिकडे जाते, आणि सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये मदरबोर्ड पुण्याइतक्याच भावात मिळायचे. आता कुरिअर दारात येतं, त्यामुळे हे प्रवास संपले. एक नुकसान मात्र झालं. दुकानात वस्तू हातात घेऊन बघता यायची. एसएमपीएस, म्हणजे यंत्राला वीज पुरवणारा डबा, तर हातात घेऊनच कळतो. पहिल्यांदा एका मोठ्या शहरातल्या दुकानातून मी 450 वॅटचा म्हणून जो एसएमपीएस आणला तो रिकाम्या डब्यासारखा हलका होता. मला तेव्हा वजनाचा अर्थ कळत नव्हता. लेबल वाचताही येत नव्हतं: मोठ्या अक्षरात 450 वॅट, आणि खाली बारीक अक्षरात 12 व्होल्टच्या ओळीसमोर 18 अँपिअर. गुणाकार करा. 216 वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज याच ओळीतून घेतात. तो एसएमपीएस सहा महिन्यांनी जळाला आणि जाताना मदरबोर्ड घेऊन गेला. तेव्हापासून माझ्याकडे कुणी भागांची यादी घेऊन आलं की मी आधी शेवटची ओळ वाचतो, कारण लोक एसएमपीएस शेवटी लिहितात आणि उरलेल्या पैशांत बसवतात.

वेगाकडे येऊ. प्रोसेसरच्या आत एक ठेका चालू असतो. मदरबोर्डवरच्या स्फटिकापासून तो निघतो (वर ‘बस’ म्हटलं तो हाच), आजकाल बहुधा 100 मेगाहर्ट्झ असतो, आणि प्रोसेसर त्याला गुणकानं गुणतो. गुणक 42 असेल तर वेग 4.2 गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 420 कोटी ठेके. भजनात टाळकऱ्यांनी लय वाढवली की पखवाजवाल्याच्या बोटांना तेवढीच चपळाई लागते, तसं इथेही आहे. प्रत्येक ठेक्याच्या आत लाखो-कोटी ट्रान्झिस्टरना आपापली जागा बदलून स्थिर व्हावं लागतं. लय फार वाढली की एखादा मागे पडतो. मागे पडला म्हणजे उत्तर चुकलं, आणि उत्तर चुकलं की पडदा गोठतो. त्याला सावरायचं तर व्होल्टेज वाढवायचं. जास्त व्होल्टेजवर ट्रान्झिस्टर लवकर पलटतो.

मग कंपनीच आधी जास्त वेग का देत नाही? कारण एका चकतीवर बनलेले सगळे प्रोसेसर सारखे निघत नाहीत. काही दमदार, काही नरम. कंपनी प्रत्येकाची चाचणी घेते आणि सगळ्यांना झेपेल असा आकडा लेबलवर छापते. शिवाय स्वस्त मालाची मागणी जास्त असली की दमदार चिपही कमी आकड्याच्या लेबलखाली विकली जाते. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे 1998 मध्ये आलेला इंटेलचा सेलेरॉन 300ए. गुणक साडेचार, बस 66 मेगाहर्ट्झ, वेग 300. बस 100 केली की तोच स्वस्त प्रोसेसर 450 वर पळायचा, आणि बहुतेक जणांचा पळायचा. महागड्या पेंटियमच्या बरोबरीला. जगभरातल्या हजारो घरांत वेग वाढवायचं वेड शिरलं ते त्या एका प्रोसेसरमुळे. कंपन्या दारं बंद करत गेल्या, गुणक कुलूपबंद केले. एएमडीच्या काही प्रोसेसरांवर तर लोक साध्या शिसपेन्सिलीनं तुटलेल्या रेषा जोडून ते कुलूप उघडायचे, कारण पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमधून वीज जाते. 2010 पासून इंटेलनं वेग वाढवू देणारे प्रोसेसर ‘के’ अक्षर लावून वेगळे विकायला घेतले. एएमडीनं 2017 मध्ये रायझन आणले तेव्हा जवळजवळ सगळेच उघडे ठेवले.

इथवरचा भाग कुठल्याही भाषेत वाचायला मिळेल. पण एक गणित आहे जे वाचूनही लोक मनावर घेत नाहीत, आणि औशात तेच सगळ्यात महत्त्वाचं ठरतं. प्रोसेसर जी वीज खातो ती वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा 1.20 व्होल्टवर 4.0 गिगाहर्ट्झ चालतोय. तुम्हाला 4.4 हवेत, म्हणजे दहा टक्के जास्त, आणि त्यासाठी 1.35 व्होल्ट द्यावे लागले. 1.35 भागिले 1.20, त्याचा वर्ग, गुणिले 1.1. उत्तर येतं 1.39. वेग दहा टक्के, उष्णता एकोणचाळीस टक्के. जो प्रोसेसर 65 वॅट खात होता तो आता नव्वदच्या घरात गेला, आणि ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन तुमच्या खोलीतच येणार.

मिळालं काय? दहा तासांचं रेंडरिंग नऊ तास पाच मिनिटांत. पंचावन्न मिनिटं वाचली. आणि तापमान मर्यादेला टेकून प्रोसेसरनं स्वतःला आवरतं घेतलं, 3.6 वर आला, तर तेच काम अकरा तासांवर जातं. म्हणजे वेग वाढवून काम मागे पडलं. भावाच्या स्टुडिओतल्या त्या रात्री तर ते पुरं झालंच नाही.

खोलीचं तापमान इतकं का महत्त्वाचं? हीटसिंक प्रोसेसरला हवेपेक्षा गार कधीच करू शकत नाही. तो फक्त फरक राखतो. एखाद्या भारावर प्रोसेसर खोलीपेक्षा 40 अंश जास्त तापत असेल तर 22 अंशांच्या खोलीत तो 62 वर असतो; आणि माझ्या खोलीतल्या भिंतीवरच्या तापमापकानं मेमध्ये दुपारी 43 दाखवलेले मी पाहिलेत, म्हणजे 83. आजच्या बहुतेक प्रोसेसरांची शेवटची मर्यादा 90 ते 100 अंशांची. तिकडे ज्याच्या हातात तीस-पस्तीस अंशांची मोकळीक आहे, त्याच यंत्राला इथे दहा-पंधरा उरतात. त्यात आणखी एक गोष्ट आहे: चिप जितकी तापते तितकी तिच्यातून वीज आपोआप झिरपते आणि ती झिरपणारी वीज तिला आणखी तापवते.

या खोल्या अशा का तापतात, याचं एक कारण आमच्या तालुक्याच्या दुःखाशी जोडलेलं आहे. पूर्वी इथली घरं माळवदाची होती. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडाचं आढं आणि त्यावर मातीचा जाड थर. भर उन्हाळ्यात आत गेलं की डोळ्यांना अंधारी आणि अंगाला गारवा. 30 सप्टेंबर 1993 ला, गणपती बुडवून लोक झोपले त्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. किल्लारी औसा तालुक्यातलं. त्याच जाड भिंती आणि तीच मातीची माळवदं हजारो माणसांच्या अंगावर आली. त्यानंतर माळवदाखाली झोपायची हिंमत फार जणांना झाली नाही. पत्रे आले, स्लॅब आले. घरं हलकी आणि भक्कम झाली, ते बरंच झालं. पण गारवा गेला. म्हणून आज औशात कॉम्प्युटर कुठे ठेवायचा हा प्रश्न घराच्या छतापासून सुरू होतो. पत्र्याखाली ठेवायचाच असेल तर उत्तरेकडची भिंत धरा, आणि जड काम रात्री दहाला लावा. आमचं पठार दोन हजार फुटांवर आहे. मेमध्येही पहाटेपर्यंत पारा पंधराएक अंशांनी उतरतो. ही पंधरा अंशांची थंडाई पाच हजारांच्या कूलरनं मिळत नाही, ती फुकट मिळते.

कूलरबद्दल, म्हणजे पाण्याच्या कूलरबद्दल, लोकांचे दोन टोकांचे समज असतात. एक, त्याच्या ओलाव्यानं कॉम्प्युटर खराब होतो. दुसरा, तो सरळ कॅबिनेटवर सोडला की यंत्र गार राहतं. आमची मेची हवा इतकी कोरडी असते की कूलरनं वाढलेला ओलावा यंत्राला बाधत नाही. पण समोरून सोडला तर वाऱ्याबरोबर बारीक तुषार येतात, पाणी जड असतं, आणि दोन महिन्यांत मदरबोर्डवर पांढरी खार बसते. कूलर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा आणि समोरची खिडकी उघडी. हे लिहिताना 2016 चा उन्हाळा आठवतो. त्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. माणसं घागरीसाठी रात्र काढत होती आणि कूलरमध्ये पाणी ओतायला हात धजत नव्हता. तो उन्हाळा मी सगळी यंत्रं कमी वेगानं चालवली, आणि तिथेच एक गोष्ट शिकलो जी आज मी वेग वाढवण्याआधी शिकवतो: व्होल्टेज उतरवणं.

वरचंच गणित उलटं करा. 1.20 व्होल्टच्या जागी 1.10, वेग तोच. वर्ग केला की 0.84. वेगात काडीचाही फरक नाही आणि उष्णता सोळा टक्के कमी. कंपनी नरमातल्या नरम चिपलाही पुरेल इतकं व्होल्टेज सगळ्यांना देते. तुमची चिप दमदार निघाली तर तिला ते नकोच असतं. थोडं थोडं उतरवायचं, दर वेळी रात्रभर चाचणी घ्यायची, अडखळलं की एक पायरी वर यायचं. 2008 नंतरचे बरेच प्रोसेसर तर ताप आणि वीज बघून स्वतःच वेग वाढवतात. त्यांना जितकं गार ठेवाल तितके ते पळतात. अशा यंत्रावर व्होल्टेज उतरवलं की मेच्या दुपारी वेग कमी होण्याऐवजी वाढलेला दिसतो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी तीन वेळा आकडे तपासले होते.

वेगाच्या नावाखाली आणखी एक फुकटची गोष्ट पडून असते. 3200 ची रॅम म्हणून विकत आणलेली डीडीआर4 बायोसमध्ये तिचा प्रोफाइल चालू केल्याशिवाय बहुधा 2133 किंवा 2400 वरच चालते. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त यंत्रांत ती तशीच चाललेली असते. आणि जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवली की जो फरक पडतो, त्यासमोर प्रोसेसरची दहा टक्के वाढ कुणाच्या लक्षातही येणार नाही. याबद्दल जास्त लिहीत नाही. दुसऱ्या प्रकरणात सगळं आहे.

जोडणीतला एक क्षण मात्र इथेच लिहून ठेवतो, कारण नवख्याचा हात तिथेच थरथरतो. लाकडी टेबलावर मदरबोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवलेला आहे. अंगात लोकरीचा स्वेटर नको. आमच्या कोरड्या थंडीत तो काढताना ज्या ठिणग्या पडतात त्या चिपच्या जिवावर येतात. आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. सॉकेटचा लिव्हर वर करा. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर बारीक सोनेरी त्रिकोण आहे, सॉकेटवरही आहे. त्रिकोणाला त्रिकोण. प्रोसेसर कडांनी धरून अलगद ठेवा आणि बोटं काढून घ्या. तो आपल्याच वजनानं आत बसला पाहिजे. दाबायचं नाही, कधीच नाही. लिव्हर खाली करताना करकर आवाज येतो, जोर लागतो, तिथे घाबरू नका. मग पेस्ट: मधोमध, तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढी. बोटानं पसरवू नका. हीटसिंक सरळ वरून बसवा आणि स्क्रू गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे समोरासमोर, थोडे थोडे. पंख्याची वायर लावायची राहिली नाही ना, बघा. आणि मग सुरू करा. स्पीकर जोडला असेल तर एकच बारीक शिट्टी येते. गेली अनेक वर्षं मी ती ऐकतो आहे, आणि अजूनही ती आली की खांदे सैल पडतात.

डिस्प्ले आला नाही तर? रॅम काढा, सोनेरी पट्ट्या शाळेतल्या खोडरबरानं पुसा, पुन्हा बसवा. दहातली पाच यंत्रं एवढ्यावर उठतात.

धुळीचं वेळापत्रक आमच्याकडे पिकांवर ठरतं. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी सुरू झाली की महिनाभर हवेत बारीक भुसा असतो. तो हीटसिंकच्या पात्यांत शिरतो, काळ्या मातीची धूळ त्यावर बसते आणि दोन्हींची मिळून नमद्यासारखी घट्ट गादी तयार होते. एका फ्लेक्सवाल्याच्या यंत्रातली अशी गादी मी अखंड सोलून काढली होती. ती काढल्यावर त्याचा प्रोसेसर 21 अंशांनी उतरला. मळणी आटोपली की एकदा आणि पाडव्याआधी एकदा, असं वर्षातून दोनदा ब्लोअर मारावा. मारताना पंख्याचं पातं बोटानं धरावं, नाहीतर तो उलटा गरगर फिरतो आणि बेअरिंग जातं. पालीसाठी एसएमपीएसच्या मागच्या जाळीवर मच्छरदाणीचा तुकडा लावावा. पाल उबेला आत शिरते आणि तिच्याबरोबर यंत्रही जातं. असे दोन एसएमपीएस मी उघडलेत.

राहिली लाईट. 2005 नंतरची भारनियमनाची वर्षं ज्यांनी इथे काढली त्यांना याची वेगळी ओळख नको. आता तेवढं जात नाही, पण रब्बीत विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की आमच्या गल्लीत व्होल्टेज 230 चं 170 होतं आणि मोटारी एकदम बंद पडल्या की 260 ला उसळतं. घरच्या इन्व्हर्टरच्या पाठीमागे यूपीएस असा खटका असतो, तो चालू नसेल तर लाईट जाताना कॉम्प्युटरही जातो. हे फार जणांना माहीत नसतं आणि ते विनाकारण दुसरा यूपीएस विकत घेतात. पण सगळ्यात दुर्लक्षित आहे ती अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात ना? एसएमपीएसच्या तोंडाशी दोन छोटे कपॅसिटर असतात, त्यांचा मधला सांधा कॅबिनेटच्या पत्र्याला आणि अर्थला जोडलेला असतो. अर्थिंग नसलं की पत्र्यावर येणाऱ्या विजेच्या निम्मं, म्हणजे 115 च्या आसपास व्होल्ट उभे राहतात. प्रवाह अगदी थोडा, म्हणून फक्त झिणझिण्या. पण याच पत्र्याला मदरबोर्ड स्क्रूनं जोडलेला आहे. घर बांधताना अर्थिंगसाठी कोळसा-मीठ घालून खड्डा केलेला असतो, त्यावर लोक निर्धास्त असतात. पण उन्हाळ्यात आमची काळी माती हातभर भेगाळते, पट्टीभोवतीची माती सुकते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. त्या खड्ड्यात मार्च ते जून आठवड्याला एक बादली पाणी गेलं पाहिजे. भांडी धुतलेलं चालतं.

म्हणून या पुस्तकाचं पहिलं प्रकरण प्रोसेसरचं नाही, मदरबोर्डचंही नाही. ते तुमच्या भिंतीतल्या तीन भोकांच्या सॉकेटचं आहे. दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर आणा, 750 व्होल्ट एसीवर लावा आणि तारा उघड्या नाहीत याची खात्री करून तीन मापं घ्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळजवळ सारखी आणि तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. सकाळी सहाला घ्या, दुपारी दोनला घ्या, मोटारी चालू असताना संध्याकाळी सातला घ्या. शेजारी खोलीचं तापमान लिहा. वहीत असे चार दिवसांचे आकडे जमले की पान उलटा.